चुरगळलेल्या कागदाचें शुभेच्छापत्र

गेल्या दिवाळीच्या सुटीपूर्वीं आपल्या शाळेंत पालकांची सभा भरली होती. हजेरी, परीक्षा, वसतिगृहाचें जेवण इत्यादि नेहमींचे विषय आटोपल्यावर मागल्या बाकावरून एक गृहस्थ उठले आणि मला उद्देशून म्हणाले, "गुरुजी, आमी पोरीले वह्या-पुस्तकं घेऊन देतो, अन् तुमी तिले कागद चुरगायाले शिकवता. हे काहून?" सभेंत हंशा पिकला. मीही हंसलों. परंतु प्रश्न हंसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, आणि त्या वेळीं घाईनें दिलेलें उत्तर माझें मलाच अपुरें वाटलें. म्हणून तेंच उत्तर आज या वार्षिकाच्या पानांवर सविस्तर देत आहें. विद्यार्थ्यांनीं तें वाचावेंच. पण घरच्या वडील मंडळींनाही वाचून दाखवावें, अशी माझी विनंती आहे.

प्रथम प्रकरण काय आहे तें सांगतों. हस्तकलेच्या तासाला आपल्या शाळेंतील मुलें-मुली दिवाळीचीं व नाताळचीं शुभेच्छापत्रें स्वतः तयार करतात. त्या कार्डांवर लावण्याकरितां तीं कागदाचा एक तुकडा अशा रीतीनें मऊ करतात कीं, पाहणाऱ्यास तो लवदार चामड्याचा वाटावा. या चामड्यास 'स्वेड' म्हणतात. कार्डें करण्याचा छंद असलेले लोक जगांत पुष्कळ आहेत, आणि त्यांच्यांत ही युक्ति आतां चांगलीच रूढ आहे. धारणीसारख्या गांवीं ती कोणी आणली, असें मला कित्येकांनीं विचारलें. मीं आणली, असा सर्वांचा समज आहे. खरें पाहतां ती मला एका मुलीनें शिकविली, आणि त्याबद्दल मीं तिला शिक्षा केली होती.

तीन वर्षांपूर्वींची गोष्ट. वर्गांत मी निबंध सांगत होतों. चौथ्या बाकावरची एक मुलगी बाकाखालीं हात घालून कांहीं तरी करीत होती. जवळ जाऊन पाहतों तों वहीचें खाकी वेष्टण तिनें काढून घेतलेलें, आणि तें मुठींत धरून ती एकसारखें चोळीत होती. त्याच आठवड्यांत वह्यांच्या निगेविषयीं मीं वर्गास बरेंच कांहीं सुनावलें होतें. तेव्हां हा मला माझा अपमान वाटला. मीं तिला तास संपेपर्यंत उभें केलें व तो तुकडा जप्त केला. शाळा सुटल्यावर टेबल आवरतांना तो टोपलींत टाकण्याकरितां मीं उचलला, आणि बोटें जागच्या जागीं थांबलीं. कागदाचा स्पर्श तो नव्हेच. लहान वासराच्या कानावरून हात फिरवावा, तसें वाटलें.

दुसऱ्या दिवशीं मीं तिला विचारलें, "हें तुला कोणीं शिकविलें?" ती म्हणाली, "कोणीं नाहीं. वहीचा कोपरा वर्षाअखेर आपोआप असा होतो. मीं सगळ्या कागदाचा कोपरा केला." तिचें म्हणणें अक्षरशः खरें होतें. दप्तरांत घासून घासून, घामेजल्या हातांनीं उघडतां-मिटतां, प्रत्येक मुलाच्या वहीचा कोपरा फेब्रुवारी-मार्चपर्यंत मऊ व लवदार होतो. वीस वर्षें मी तसले कोपरे पाहत आलों होतों आणि त्याबद्दल गुण कापीत आलों होतों. मीं तिची क्षमा मागितली, व ती वर्गासमोर मागितली. शिक्षा वर्गासमोर केली होती. क्षमा मात्र खोलींत बोलावून मागणें रास्त झालें नसतें.

आतां स्वेड म्हणजे काय तें पाहूं. चामड्यास दोन बाजू असतात. एक बाहेरची, जिच्यावर जनावराचे केस होते ती. ही गुळगुळीत व चिवट असते, आणि आपले नेहमींचे जोडे हिलाच वर ठेवून शिवतात. दुसरी आंतली, मांसाकडची. ही आंतली बाजू खरखरीत वस्तूनें घासली असतां तिचे बारीक तंतु उभे राहतात व मखमलीसारखी लव येते. हेंच स्वेड. बहुधा मेंढी, बकरी, वासरूं यांच्या पातळ कातड्याचें तें करतात. फ्रेंच लोक असल्या हातमोज्यांना 'स्वीडनचे हातमोजे' म्हणत असत. त्यांच्या भाषेंत स्वीडन देशाचें जें नांव, तेंच पुढें इंग्रजींतून या चामड्यास कायमचें चिकटलें. म्हणजे स्वेड हें चामड्याचें अंतरंग होय. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

कागदाचेंही असेंच आहे. मी भाषेचा शिक्षक, रसायनशास्त्र माझें नव्हे. परंतु आमच्या विज्ञानशिक्षकांनीं मला हें समजावून दिलें तेव्हांपासून कोऱ्या कागदाकडे मी निराळ्या नजरेनें पाहूं लागलों. कागद म्हणजे वनस्पतींच्या बारीक तंतूंचा थर. लांकूड, बांबू, गवत किंवा चिंध्या यांचा पाण्यांत लगदा करतात आणि तो चाळणीवर पसरतात. पाणी निथळून वाळूं लागलें कीं तंतु एकमेकांस बिलगतात. त्यांना धरून ठेवण्यास गोंद लागत नाहीं; तंतूंच्या अंगचेच सूक्ष्म बंध त्यांना धरतात, आणि त्यांस हायड्रोजन बंध म्हणतात. वरच्या वर्गांतील मुलांना हा शब्द ठाऊक असेल. मौज अशी कीं, हे बंध पाण्यानेंच सैल होतात. कागद ओला केला म्हणजे तंतु ढिले पडतात. त्या स्थितींत तो चुरगळला म्हणजे ते एकमेकांपासून सुटतात. आणि वाळतांना त्यांना स्वस्थ पडूं दिलें नाहीं, तर पुन्हां पहिल्यासारखे जुळत नाहींत, त्यांचीं टोंकें पृष्ठभागावर उभीं राहतात. हीच लव. गेल्या वर्षीं एका मुलानें टापटिपीच्या हौसेनें ओलाच तुकडा गरम इस्त्रीखालीं दाबून सपाट केला. बंध पुन्हां जुळले, आणि सकाळीं त्याच्या हातांत पापड होता.

कृति अशी. कागदाचा तुकडा हवा त्याहून चारी बाजूंनीं बोटभर मोठा घ्यावा, कारण चुरगळून तो आक्रसतो. इस्त्री करण्यापूर्वीं कपड्यांवर जसें बोटांनीं पाणी शिंपडतात, तसें शिंपडावें. कागद ओलसर व्हावा, भिजून चिंब होऊं नये. चिंब झाला कीं हातांत लगदाच येतो. मग त्याचा हळूहळू चेंडू करावा. पहिल्या खेपेस तो विरोध करतो, कडकड वाजतो, आणि घाई केली तर फाटतो. चेंडू उलगडावा तोही सावकाश, कडेकडून आंत. पुन्हां शिंपडावें, पुन्हां चुरगळावें. तिसऱ्या-चौथ्या खेपेस आवाज बंद होतो. हें मोठें उपयोगी चिन्ह आहे : कागद वाजेनासा झाला कीं तो वश झाला. यानंतर सदऱ्याची कॉलर धुतांना आपण जशी दोन मुठींत धरून चोळतों, तसा तो सर्व अंगानें चोळावा. कागद जाड कार्डाचा असेल तर या सुमारास त्याचे पदर सुटूं लागतात. एक पदर कोपऱ्याकडून हलकेच सोलून काढावा. जो आंतला भाग उघडा पडतो, त्याच्यावर सर्वांत सुंदर लव असते.

मग तो सावलींत वाळवावा. परंतु वाळत टाकून विसरूं नये. अर्धवट वाळला असतां पुन्हां एकदां चोळावा, आणि पुरता वाळल्यावर अगदीं बारीक काचकागद त्याच्यावरून हलक्या हातानें फिरवावा. काचकागद नसेल तर त्याच कागदाची घडी घालून पाठ पाठीवर घासली तरी चालतें. रंग द्यावयाचा असल्यास चहाच्या चोथ्याचें पाणी उत्तम. आपल्याकडे होळीच्या सुमारास जंगल पेटल्यासारखें दिसतें तें पळसाच्या फुलांनीं. त्यांचा केशरी रंगही मुलींनीं देऊन पाहिला. तो फार गोड दिसतो, पण उन्हांत विटतो. खडूची रंगीत भुकटी बोटानें लवेंत मुरवली म्हणजे कडा गडद व मध्य फिकट, असा खऱ्या चामड्यासारखा भास होतो. कार्डावर चिकटवितांना कणकेची खळ घट्ट असावी व फक्त कडांना लावावी. पातळ खळ झिरपते, आणि इतक्या कष्टानें उभी केलेली लव बसून जाते. शेवटीं कडेनें सुईनें समान अंतरावर भोकें पाडून जाड दोऱ्याचा टांका घातला म्हणजे काम झालें. यास वर्गांतील चपळ मुलाला दोन तास लागतात. सावकाश मुलास तीन, आणि बहुधा सावकाश मुलाचेंच काम चांगलें असतें.

एक गोष्ट आपल्या हवेविषयीं. श्रावणांत धारणीस हें काम करूं नये. मेळघाटचा पाऊस एकदां बसला कीं कागद वाळतच नाहीं, आणि चार दिवसांनीं त्यास बुरशीचा वास येतो. वैशाखांत उलट : शिंपडलेलें पाणी चेंडू करीपर्यंत उडून जातें. कार्तिक-मार्गशीर्षाची हवा या कामाला नेमकी, आणि दिवाळी-नाताळ त्याच सुमारास येतात.

कोणताही कागद घेऊन भागत नाहीं. गुळगुळीत चकचकीत कागदावर चिनी मातीचा लेप असतो. तो चुरगळतांच पांढऱ्या भेगा पडतात. वहीचें पान पातळ, तें फाटतें. वर्तमानपत्राच्या कागदाचे तंतु यंत्रानें दळलेले व दुबळे, ते पहिल्याच खेपेस दगा देतात. वर्तमानपत्राच्या कागदाचें नांव निघालें म्हणजे मला आपल्या शेजारच्या नेपानगराची आठवण होते. येथून तापीच्या खोऱ्यानें बऱ्हाणपुराकडे गेलें म्हणजे तें लागतें. वर्तमानपत्राचा कागद करणारी देशांतील पहिली गिरणी ती. तिची कंपनी १९४७ सालीं निघाली, उत्पादन १९५५ सालीं सुरू झालें, आणि १९५६ सालीं पंडित नेहरूंनीं ती राष्ट्रास अर्पण केली. आरंभीं तेथें कागद होत असे तो सालईच्या लांकडाचा आणि बांबूचा. ज्या सालईचा डिंक आपण धूप म्हणून जाळतों, ज्या बांबूच्या टोपल्या आपल्या बाजारांत मांडलेल्या असतात, तींच हीं झाडें. तेव्हां कागद ही शहरांतून येणारी परकी वस्तु, असें आपल्या मुलांनीं मानण्याचें कारण नाहीं. सातपुड्याच्या डोंगरांतून उतरून त्यावर देशाच्या बातम्या छापल्या गेल्या आहेत.

या कामास सर्वांत चांगला कागद म्हणजे तोच आपला वह्यांना घालावयाचा खाकी कागद, ज्यास दुकानदार क्राफ्ट कागद म्हणतात. क्राफ्ट या जर्मन शब्दाचा अर्थ बळ. यांतील तंतु लांब असतात, आणि लगदा करण्याची रीतिही अशी कीं तंतूंची शक्ति कमी होत नाहीं. पांढरा करण्याची खटपट केलेली नसते, म्हणून त्याचा रंग मुळांतच चामड्याचा. या रीतीनें लगदा करणारी पहिली गिरणी १८९० सालीं स्वीडनांतच निघाली. मऊ चामड्यास नांव दिलें त्या देशानें, आणि त्या चामड्याची नक्कल ज्या कागदाची करावयाची त्याचीही पहिली गिरणी काढली त्याच देशानें. हा योगायोग मुलांना सांगितला असतां त्यांना फार गंमत वाटते.

एकदां मीं पुण्याहून हातकागदाचे दोन ताव आणविले होते. तेथें १९४० सालीं स्थापन झालेल्या संस्थेंत सुती चिंध्यांपासून कागद करतात. त्याच्याही आधीं, १९३४ सालीं, वर्ध्यास ग्रामोद्योग संघ निघाला आणि त्याचें काम जोसेफ कुमारप्पांनीं अंगावर घेतलें, तेव्हां गांवच्या ज्या धंद्यांना हात देण्याचें ठरलें त्यांत हातकागद होता. कापसाचा तंतु लांकडाच्या तंतूहून कितीतरी लांब, त्यामुळें हा कागद वीस वेळां चुरगळला तरी फाटला नाहीं व त्यास लवही अप्रतिम आली. परंतु माणसाच्या हातानें एकएक करून उचललेला तो ताव चुरगळतांना माझा हात अडखळला. पुन्हां मीं तो मागविला नाहीं.

येथवर कृति झाली. आतां मूळ प्रश्न, आणि त्याच्यापेक्षांही अवघड असा दुसरा एक.

पहिला आक्षेप नासाडीचा. तो करणारे गृहस्थ मजुरी करतात. त्यांच्या घरीं वहीचा प्रत्येक ताव मजुरीच्या पैशांतून येतो, आणि मुलगी जेव्हां सांगते कीं आज शाळेंत कागद चुरगळला, तेव्हां त्यांच्या पोटांत तुटतें. त्यांना मीं हंसून उत्तर दिलें ही माझी चूक. तेव्हां येथें स्पष्ट लिहितों कीं, या कामाकरितां आपल्या शाळेंत नवा ताव फाडूं दिला जात नाहीं. एप्रिलमध्यें परीक्षा संपल्यावर मुलें वह्यांचीं वेष्टणें काढून फेकीत असत. तीं आतां वर्गनायक गोळा करतो, आणि तीं दिवाळीपर्यंत पेटींत राहतात. ज्यांवर तकतकीत प्लॅस्टिकचा थर असतो तीं निरुपयोगी. तीं बाजूला काढावीं लागतात, आणि दर वर्षीं त्यांचाच ढीग मोठा होत चालला आहे. पालकांना एक सुचवितों. जून महिन्यांत वेष्टणाचा कागद घेतांना साधा खाकी घ्या. त्याचा उपयोग दोनदां होतो.

जुन्या लग्नपत्रिकाही चालतात. मात्र त्यांवरील देवतांचीं चित्रें व माणसांचीं नांवें असलेला भाग चुरगळावयाचा नाहीं, तो कापून निराळा ठेवावयाचा, असा नियम मुलांनींच केला. मीं तो सुचविला नव्हता.

दुसरा आक्षेप माझ्या एका सहकाऱ्यांचा. ते म्हणाले, "मुलांना खऱ्या वस्तु करावयास शिकवा. खोटें चामडें करावयास काय शिकवितां? आज कागदाचें चामडें, उद्यां पितळेचें सोनें." या आक्षेपानें मला पुष्कळ दिवस झोंबत ठेवलें, कारण त्याच सुमारास जें घडलें त्यानें त्यांचें म्हणणें जवळजवळ सिद्ध केलें.

स्नेहसंमेलनाच्या दिवशीं मुलांनीं कार्डांचें एक लहानसें दुकान मांडलें होतें. किंमत दहा रुपये ठरली होती. मी दुसऱ्या कामांत गुंतलों होतों. दुपारीं तेथें जाऊन पाहतों तों पाटी बदललेली. 'चामडी कार्डें, चाळीस रुपये.' आणि तीं विकलीं जात होतीं! परगांवचे पाहुणे कार्ड उचलीत, त्यावरून अंगठा फिरवीत आणि चाळीस रुपये काढून देत. मीं पाटी उतरविली. मुलें खट्टू झालीं. त्यांच्यांतला एक चलाख मुलगा मला म्हणाला, "सर, आम्हीं खोटें कुठें लिहिलें? चामडी म्हणजे चामड्यासारखीं." मी त्याला म्हणालों, "मग 'कागदाचीं' असें लिहूं, आणि किंमत चाळीसच ठेवूं." तसें केलें. यानंतर लोक कार्ड हातांत घेत, उलटसुलट करून पाहत, "खरंच कागद?" असें विचारीत, आणि बहुतेक जण तें परत ठेवीत. त्या दुपारीं तीनच गेलीं. आधीं ज्यांना विकलीं होतीं त्यांच्यापैकीं दोघे आवारांत सांपडले. त्यांना आम्हीं खरें सांगितलें. एकानें पैसे परत घेतले. दुसऱ्या बाई म्हणाल्या, कागद आहे हें ठाऊक असतें तर एकाऐवजीं दोन घेतलीं असतीं. बाकीचे चार जण परतवाड्याच्या गाडीनें निघून गेले होते. त्यांचे एकशें साठ रुपये हस्तकलेच्या जमाखर्चांत अजून आहेत, आणि ती रक्कम वाचावयास मला आवडत नाहीं.

या प्रसंगानंतर मीं ठरविलें होतें कीं हें काम बंद करावें. तें केलें नाहीं, त्याचें कारण असें. विचार करतां माझ्या ध्यानांत आलें कीं, खोटें होतें तें कागदांत नव्हतें, पाटीवर होतें. वर सांगितलें कीं स्वेड हें चामड्याचें अंतरंग. मग चुरगळून, पदर सोलून वर आलेली ही लव तरी काय आहे? ती कागदाचें अंतरंग आहे. तिच्यांत चामड्याचा अंशही नाहीं, आणि वरून फासलेलें असेंही कांहीं नाहीं. जे तंतु आंत होते तेच बाहेर आले. पितळेवर सोन्याचा मुलामा देणें ही गोष्ट निराळी. तेथें वरचें एक आणि आंतलें एक असतें. येथें उलट आहे. कागद चामड्यासारखा दिसतो तो त्यानें चामड्याचें सोंग घेतलें म्हणून नव्हे, तर दोन्ही वस्तु तंतूंच्याच घडलेल्या आहेत म्हणून. सहकाऱ्यांना हें पटलें नाहीं. ते म्हणतात, इतका बारीक भेद करणें मास्तरांना जमतें, गिऱ्हाइकांना नाहीं. त्यांच्या म्हणण्यांतही तथ्य आहे.

म्हणून आम्हीं त्यास त्याचें स्वतःचें नांव दिलें. मुलांनीं तें वासराच्या कानावरून घेतलें : 'वासरू-कागद'. नांवानें पुष्कळ फरक पडतो. 'नकली स्वेड' म्हटलें कीं ती वस्तु खऱ्या स्वेडपुढें उभी राहते आणि हरते. 'वासरू-कागद' म्हटला कीं तो कोणापुढें उभाच राहत नाहीं. तो चांगला आहे कीं वाईट, एवढेंच पाहावें लागतें. पूर्वीं आपल्या देशांतील कागद जुन्नरी, दौलताबादी अशा स्वतःच्या गांवांच्या नांवांनीं ओळखले जात. आपल्याच तालुक्यांत लवाद्यास सुनील व निरुपमा देशपांडे यांनीं उभारलेल्या संपूर्ण बांबू केंद्रांत राख्या होतात. त्या बांबूच्या म्हणूनच विकल्या जातात, आणि लोक त्या बांबूच्या आहेत म्हणूनच घेतात. सोनेरी रंग देऊन त्या सोन्याच्या म्हणून कोणी विकूं गेलें असतें तर एका श्रावणापलीकडे त्यांचें नांव राहिलें नसतें. यंदा आमच्या पाटीवर 'वासरू-कागदाचीं कार्डें, खाकी वेष्टणांपासून केलेलीं' असें लिहिलें होतें, किंमत पंधरा रुपये. अठरा कार्डें गेलीं. फार नव्हेत. पण त्यांतील एकही पैसा मला वाचतांना टोंचत नाहीं.

कोणी म्हणतील, हल्लीं शुभेच्छा मोबाईलवर एका क्षणांत जातात, मग हा खटाटोप कशाला? मीही सणाच्या दिवशीं मोबाईलवर शुभेच्छा पाठवितों, आणि त्यांत कांहीं वाईट आहे असें मला वाटत नाहीं. परंतु त्या दिवशीं मला आलेल्या शेंदीडशें संदेशांपैकीं एकही संध्याकाळपर्यंत आठवत नाहीं. दुकानांतलीं तयार कार्डें त्याहून बरीं. पण त्यांतील मजकूर दुसऱ्यानें लिहिलेला, आणि मुलाचें काम खालीं सही करण्यापुरतें. माझें मत विचाराल तर बारा वर्षांच्या मुलानें वर्षांतून एकदां तरी कोणा एका माणसाचा विचार करीत दोन तास एका जागीं बसावें. कार्ड हें त्याचें निमित्त. वर्गांत मी हेंही पाहिलें आहे कीं, कागद चोळतां चोळतां मुलें गप्प होतात. आणि मग आंत काय लिहूं, असें विचारावयास येत नाहींत.

ज्या मुलीला मीं उभें केलें होतें ती आतां दहावींत आहे. तिचे वडील दिवाळी झाली कीं कामाकरितां दूर जातात ते होळीस परततात. मेळघाटांतील पुष्कळ घरांची हीच रीत आहे. गेल्या दिवाळींत तिनें त्यांच्याकरितां कार्ड केलें. आंतला मजकूर तिनें कोरकूंत, देवनागरी अक्षरांनीं लिहिला होता, त्यामुळें तो मला वाचतां आला पण समजला नाहीं, आणि मीं विचारलाही नाहीं.

यंदा होळीनंतर ते तिच्या परीक्षेच्या अर्जाकरितां शाळेंत आले होते. सही झाल्यावर त्यांनीं सदऱ्याच्या खिशांतून एक वस्तु काढून माझ्या टेबलावर ठेवली. चार घड्या घातलेलें तेंच कार्ड. दुकानांतलें चकचकीत कार्ड असतें तर घडीघडीवर फाटून त्याचे चार तुकडे झाले असते. हें चार महिने घामांत, धुळींत, छातीशीं राहिलें होतें. कडेचा दोरा एका बाजूनें निघाला होता, चहाचा रंग काळवंडला होता, आणि लव तिनें केली होती त्याहून दाट झाली होती. मीं त्यावरून अंगठा फिरविला.

"आता आजून मऊ झालं," ते म्हणाले, आणि घडी घालून त्यांनीं तें पुन्हां खिशांत ठेवलें.